टिंगल की टाळ्या?

२००७च्या फेब्रुवारीत अमेरिकन पॉप गायिका ब्रिटनी स्पीअर्सनं सलूनमध्ये स्वतःच्या हातानं डोकं भादरलं, तेव्हा काचेबाहेर फोटोग्राफरांची झुंबड होती. फोटो जगभर छापले गेले, रात्रीच्या टीव्ही शोंना विनोदाचा आयता विषय मिळाला. पोरीचं काही दुखतंय का, हे विचारायचं फारच थोड्यांना सुचलं. पुढच्या वर्षी कोर्टानं तिचा सगळा कारभार वडिलांकडे आणि एका वकिलाकडे सोपवला. तो जाच सुटायला २०२१चा नोव्हेंबर उजाडला.

त्याच वर्षी जुलैत, टोकियो ऑलिम्पिकमध्ये, अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सनं सांघिक अंतिम फेरीत एक व्हॉल्ट (धावत येऊन मारायची उडी) केला आणि माघार घेतली. हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत याचा अंदाजच तिला येईना. तिलाही ‘पळपुटी’ म्हणणारे निघालेच, पण पाठीशी उभे राहणारेही खूप होते. आठवड्यानं तिनं बॅलन्स बीमवर, म्हणजे अरुंद तुळईवरच्या कसरतीत, कांस्यपदक मिळवलं.

लोक सुधारले म्हणावं, तर मला ते अर्धंच पटतं. बाइल्स स्वतः, शांतपणे, नेमक्या शब्दांत बोलली. ब्रिटनीची अवस्था कॅमेऱ्यांनी परस्पर सांगून टाकली. चारचौघांत तोल गेलेल्या कलाकाराचा व्हिडिओ आजही तितक्याच चवीनं फिरतो.