नवीन अकूस्टिक गिटार: सोबतचा कॉम्बो आणि वॉरंटी कार्ड, वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

गिटार घेऊन बरेच महिने झालेत, रोज वाजते, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. मधल्या रेंजचं मॉडेल आहे, ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद आकाराची) बॉडी, वरची फळी सॉलिड स्प्रूस, म्हणजे अखंड लाकडाची, मागची आणि बाजूची लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवून केलेली. आवाज मोकळा आहे, बेस भरदार आहे, मी खुश आहे. पण आवाजावर रिव्ह्यू ढीगभर सापडतात, मला लिहायचंय बॉक्समध्ये सोबत काय येतं आणि वॉरंटी कार्डावर काय छापलेलं असतं त्याबद्दल, कारण कार्ड कोणी वाचत नाही आणि घेताना भुरळ मात्र त्या कॉम्बोचीच पडते. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. तेच मॉडेल एका विक्रेत्याकडे नुसतं मिळतं, दुसऱ्याकडे सात-आठ वस्तूंसोबत, आणि त्या वस्तू बऱ्याचदा गिटार कंपनीच्या नसतातच, विक्रेत्याने भरलेल्या असतात. म्हणजे कंपनीची वॉरंटी गिटारला, बाकी वस्तूंना कोणी वाली नाही.

माझ्या कॉम्बोत बॅग, स्ट्रॅप, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून ठेवणारा चिमटा), क्लिपवाला ट्यूनर, तारांचा एक जादा सेट, पिक्स आणि पुसायचं कापड होतं. पिक्स आणि कापडाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

बॅग म्हणजे खरं तर कव्हर. फोटोत फुगीर दिसते, हातात घेतली की आत पातळ फोमचा एक थर, धूळ बसणार नाही एवढाच उपयोग. बॅग बघताना तळाला हात घालून बघा, गिटारच्या बुडाला जे स्ट्रॅपचं बटण असतं ते नेमकं तिथेच टेकतं आणि सगळं वजन त्या एका जागी येतं. चांगल्या बॅगेत तिथे रबराचा किंवा जाड फोमचा जादा तुकडा शिवलेला असतो, माझ्या बॅगेत नव्हता, थोड्याच दिवसांत कापड झिजून बटण बाहेर डोकावायला लागलं. गिटार घराबाहेर न्यायची असेल तर निदान १० मिमी पॅडिंगची बॅग घ्याच, प्रवास जास्त असेल तर हार्ड केस. पडून, आपटून झालेलं नुकसान कुठल्याच कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही, त्यामुळे हेडस्टॉक (खुंट्या असलेलं वरचं टोक) तुटण्यापासून वाचवणारी एकमेव गोष्ट म्हणजे बॅग, आणि कॉम्बोत सगळ्यात स्वस्तातली टाकतात ती तीच.

स्ट्रॅपची तर वेगळीच गंमत आहे. स्ट्रॅप दिलाय पण गिटारला बटण एकच, बुडाला. बऱ्याच अकूस्टिकना असंच असतं, दुसरं टोक हेडस्टॉकला नटच्या (तारा जिच्यावरून जातात त्या वरच्या खाचपट्टीच्या) मागे दोरीने बांधायचं. ती दोरी मात्र पाकिटात नसते. मग माणूस म्हणतो नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) टाचेपाशी, म्हणजे तो बॉडीला जोडतो तिथे, दुसरं बटण बसवून टाकू, एक भोक तर पाडायचंय, आणि इथे कार्ड वाचायला लागतं, कारण गिटारमध्ये कुठलाही बदल केला तर वॉरंटी रद्द अशी ओळ बहुतेक कार्डांवर असते. मी आधी कंपनीला ईमेल टाकून विचारलं, त्यांनी कळवलं की अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बसवलं तर चालेल, मग तिथूनच बसवून घेतलं आणि पावती मागून घेतली. अजून एक, स्ट्रॅप रबराचा किंवा रेक्झिनसारखा असेल तर गिटारवर तसाच अडकवून ठेवू नका. नायट्रो लॅकरचं फिनिश असेल तर रबर आणि व्हिनाईल त्याला धरतं, डाग पडतो, तो निघत नाही आणि वॉरंटीत तर नाहीच नाही. सुती स्ट्रॅप बरा.

कॅपो दिसायला छान, स्प्रिंगवाला, पण रबर सपाट. स्टीलच्या तारांच्या गिटारचा फिंगरबोर्ड (बोटांनी तारा दाबायची पट्टी) थोडा गोलाकार असतो, सपाट रबराचा कॅपो क्लासिकल गिटारसाठी असतो, त्यामुळे दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) लावला की मधल्या दोन तारा नीट दाबल्या जातात आणि कडेच्या बझ करतात, म्हणजे खरखरतात. नवीन शिकणाऱ्याला वाटतं आपलं बोट चुकतंय किंवा गिटारच खराब आली. ट्यूनर मात्र चांगला निघाला, हेडस्टॉकवर लावला की लाकडातली कंपनं पकडतो त्यामुळे आजूबाजूच्या गोंगाटाचा फरक पडत नाही, आत सीआर२०३२ सेल, कुठेही मिळतो. फक्त चालू केल्यावर स्क्रीनवर ४४० (हर्ट्झ, सूर लावायचा प्रमाण आकडा) आहे ना ते बघून घ्या, बाजूचं बटण चुकून दाबलं जाऊन ४३५ वगैरे झालं तर गिटार स्वतःशी सुरात लागते पण दुसऱ्या कोणाबरोबर वाजवायला बसलं की सगळं बेसूर.

तारांच्या जादा सेटवर कंपनीचं नाव नाही, फक्त मीडियम लिहिलंय. माझ्या गिटारवर कारखान्यातून लाईट गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) तारा आल्यात, १२ ते ५३, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. लाईट सेट सुरात लावला की सगळ्या तारांचा मिळून ताण ७० ते ७५ किलोच्या आसपास जातो, मीडियममध्ये ८० किलोच्या वर, आणि हा ताण ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायची पट्टी), वरची फळी आणि नेक सतत सोसत असतात. कार्डावर स्पष्ट लिहिलंय की शिफारस केलेल्या गेजपेक्षा जड तारा लावून ब्रिज उचलला गेला किंवा फळी फुगली तर जबाबदारी तुमची. म्हणजे विक्रेत्याने फुकट दिलेला सेट लावला तर कंपनीची वॉरंटी जाऊ शकते! फुकट ते पौष्टिक म्हणतात, इथे उलटं आहे. क्लासिकल, म्हणजे नायलॉन तारांची गिटार घेतली असेल आणि कॉम्बोत चुकून स्टीलचा सेट आला असेल तर तो तर अजिबात लावायचा नाही, ती गिटार एवढ्या ताणासाठी बनवलेलीच नसते.

आणि जे द्यायला हवं होतं ते दिलंच नाही. ट्रस रॉडची (नेकच्या आतली, त्याचा बाक कमीजास्त करणारी सळई) ॲलन की नव्हती, विचारल्यावर पाठवली. साईज कंपनीगणिक बदलते, त्यामुळे घरातली कुठलीतरी घालून फिरवायला जाऊ नका, रॉडचा नट घासला गेला की काम वाढलं. आणि एक छोटा हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा), त्याची तर फारच गरज आहे, कारण सॉलिड टॉपच्या वॉरंटीचा खरा घोळ हवेच्या दमटपणात आहे. मार्टिन, टेलर यांच्यासारख्या कंपन्या ४५ ते ५५ टक्के आर्द्रता ठेवा म्हणून सांगतात. हवा फार कोरडी झाली की लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात, फळी खाली बसते, पुढे लाकडाच्या रेषेला धरून तडा जातो. दमट झाली की फळी फुगते, ॲक्शन (तारांची फिंगरबोर्डपासूनची उंची) वर येते. या कशालाच वॉरंटी नाही, कारण तो बनवण्यातला दोष धरत नाहीत, सांभाळण्यातला धरतात. बोट टोचायला लागलं की समजा सुरुवात झालीये, तेव्हाच ह्युमिडिफायर आणा, आणि बॉक्समध्ये आलेली सिलिका जेलची पुडी कोरड्या हवेत बॅगेत ठेवू नका.

मग वॉरंटीत येतं तरी काय? साहित्यातला आणि बनावटीतला दोष, बस. वापरून झिजणारं सगळं बाहेर, तारा, फ्रेट, नट, सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी). पिकअप आणि प्रीॲम्प (गिटार स्पीकरला जोडायची इलेक्ट्रॉनिक्स) असेल तर त्याची मुदत बहुतेकदा वेगळी आणि लाकडापेक्षा कमी असते, ती ओळ बारीक अक्षरात असते, शोधून वाचा. माझ्या बाबतीत पहिल्या तारेचा ट्यूनिंग पेग सरकायला लागला, सुरात लावावं आणि एक गाणं होईपर्यंत अर्धा सूर खाली. विक्रेत्याने कंपनीकडे बोट दाखवलं, कंपनीने सीरियल नंबर असलेलं बिल मागितलं आणि बिलावर फक्त मॉडेलचं नाव! सीरियल नंबर साउंडहोलमधून दिसणाऱ्या लेबलवर किंवा आतल्या नेक ब्लॉकवर असतो, विक्रेत्याकडे परत जाऊन तो बिलावर लिहून शिक्का मारून आणावा लागला. त्यानंतर मात्र कंपनीने पेगचा अख्खा सेट पाठवला, पैसे घेतले नाहीत, बसवायची मजुरी माझी. कंपनीला पूर्ण मार्क, विक्रेत्याला नाही. बिल हातात घेताना नंबर टाकून घ्या, नंतर धावपळ म्हणजे वरातीमागून घोडं.

लाईफटाईम वॉरंटी या शब्दाने हुरळून जाऊ नका पण तिला हलकंही समजू नका. वर्षानुवर्षं तारांच्या ताणाने नेकचा कोन बदलतो, ॲक्शन इतकी वर येते की सॅडल घासूनही भागत नाही, तेव्हा नेक काढून पुन्हा बसवायला लागते, त्याला नेक रीसेट म्हणतात आणि ते महागातलं काम आहे. हे काम ज्या वॉरंटीत धरलंय ती खरी दमदार, म्हणून घेण्याआधी विक्रेत्याला नाही, कंपनीलाच लेखी विचारा की नेक रीसेट धरलाय का, गिटार पाठवण्याचा खर्च कोणाचा, आणि हा विक्रेता तुमचा अधिकृत आहे का. शेवटचं फार महत्त्वाचं, अनधिकृत ठिकाणाहून घेतलेल्या गिटारला बऱ्याच कंपन्या वॉरंटीच देत नाहीत.

आणि ही लाईफटाईम बहुतेक वेळा पहिल्या मालकापुरती असते, नोंदणी त्याच्याच नावावर. त्यामुळे जुनी गिटार विकणारा कोणी लाईफटाईम वॉरंटी आहे म्हणून भाव वाढवून सांगत असेल तर त्या कार्डाचे पैसे देऊ नका, नेक सरळ आहे का, ब्रिज कुठे उचललाय का ते बघा आणि त्यावर भाव ठरवा.