दोन गिटार, दोन गळे: गिलियन वेल्चचा ‘टाइम (द रेव्हलेटर)’

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमधून 31 जुलै 2001 रोजी हा अल्बम आला. दहा गाणी, पन्नास मिनिटांच्या थोडं वर. ड्रम नाहीत, बेस नाही, कीबोर्ड नाही. गायिका-गीतकार गिलियन वेल्चचा आवाज आणि गिटार, तिचा साथीदार डेव्हिड रॉलिंग्जचा आवाज आणि गिटार, मध्येच बँजो. बस्स. यातून आणखी काही काढून टाकावं असं उरलेलंच नाही, तरी पन्नास मिनिटांत एकदाही गाणं उघडं पडत नाही. अकूस्टिक गाण्यांचे अल्बम पुष्कळ आहेत. इतक्या कमी सामानात इतकं भरलेलं काम मात्र फार थोड्यांनी केलं आहे.

यामागचं पहिलं कारण वाद्यांच्या निवडीत आहे. वेल्चकडे 1956 ची गिब्सन जे-50. ही सपाट तोंडाची, रुंद पोटाची गिटार आहे, तिचा खर्ज भरदार आणि झंकार लांबणारा. रॉलिंग्जकडे 1935 ची एपिफोन ऑलिंपिक. ही आकाराने लहान आर्चटॉप, म्हणजे वरची फळी कोरून बाक दिलेली आणि व्हायोलिनसारखी ‘एफ’ आकाराची भोकं असलेली. अशा गिटारचा स्वर पटकन उमटतो आणि पटकन विझतो, जोर मधल्या पट्टीत असतो. त्यामुळे खाली वेल्चची गिटार पसरत राहते आणि रॉलिंग्जचा प्रत्येक स्वर तिच्यावर सुटा, टोकदार ऐकू येतो. दोघांनी एकाच जातीची गिटार घेतली असती, तर नुसता गलबला झाला असता.

सुरुवातीचं ‘रेव्हलेटर’ सहा मिनिटांच्या वर चालतं. त्यात वेल्चचा ठोका सुरुवातीपासून जिथे आहे तिथेच राहतो. रॉलिंग्ज तिच्याभोवती फिरतो. खालचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, बदलला तरी तो वरचा स्वर सोडत नाही, त्या स्वराला खालच्याशी घासू देतो आणि कान अस्वस्थ झाल्यावरच अर्ध्या स्वराने सरकून जागेवर येतो. हे कुठल्याही एकाच गाण्यात ऐकायचं असेल तर इथे ऐका, गाण्याच्या उत्तरार्धात. वेग दाखवायची त्याला गरज पडत नाही.

गळ्यांचंही तसंच. आपल्याकडच्या सुगम संगीतात दुसरा आवाज बहुतेक वेळा तीच चाल गातो किंवा कोरसमध्ये येतो. त्यामुळे रॉलिंग्जचा आवाज पहिल्या ऐकण्यात निसटण्याची शक्यता फार. तो वेल्चच्या चालीपासून वेगळा स्वर धरून, तिच्याइतक्याच श्वासात शब्द उचलतो आणि सोडतो. शब्दाच्या शेवटचं व्यंजन दोघांचं एकदमच पडतं. एकदा पूर्ण गाणं फक्त त्याच्या आवाजाकडे लक्ष देऊन ऐका. गाण्याचा अर्धा भाग तोवर ऐकलाच नव्हता असं वाटेल.

रेकॉर्डिंग नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ बी मध्ये झालं. एल्व्हिस प्रेस्लीने दोनशेच्या वर गाणी जिथे गायली तीच ही जागा, त्यामुळे ‘एल्व्हिस प्रेस्ली ब्लूज’ हे गाणं तिथेच ध्वनिमुद्रित होण्याला अर्थ आहे. निर्माता स्वतः रॉलिंग्ज. दोघं एकत्र वाजवत-गात असली की एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरतो, म्हणून चुकलेला एखादा शब्द नंतर कापून जोडता येत नाही. टेक, म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग, घ्यायचा तर पूर्ण. ती सावधानता आणि ती मोकळीक दोन्ही या अल्बमभर जाणवतात. अपवाद ‘आय वॉन्ट टु सिंग दॅट रॉक अँड रोल’चा. ते नॅशव्हिलच्याच रायमन ऑडिटोरियममधल्या मैफलीतलं आहे, टाळ्यांसकट.

शब्दांच्या बाजूने सर्वात श्रीमंत जोडी ‘एप्रिल द फोर्टीन्थ, पार्ट वन’ आणि ‘रुइनेशन डे, पार्ट टू’. 14 एप्रिल 1865 ला लिंकनवर गोळी झाडली गेली, 14 एप्रिल 1912 च्या रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळलं आणि 14 एप्रिल 1935 ला ओक्लाहोमा आणि आसपासच्या प्रदेशावर ‘ब्लॅक संडे’चं धुळीचं वादळ आलं. गाण्यातले ‘ओकी’ म्हणजे तिथून कॅलिफोर्नियाकडे निघालेली शेतकरी कुटुंबं. पहिल्या भागात या तिन्ही आपत्तींच्या शेजारी दोन डॉलर तिकिटाचा, पाच बँडचा एक किरकोळ कार्यक्रम येऊन बसतो, आणि वेल्च चारही गोष्टी एकाच स्वरात सांगते. आवाज कुठेही चढवत नाही. इतिहास आणि गल्लीतली संध्याकाळ एका पातळीवर आणण्याचं हे धाडस मला या अल्बममधलं सर्वोत्तम लेखन वाटतं. दुसरा भाग त्याच धाग्याचा पण आखूड आणि जास्त धारदार. दोन्हींच्या मध्ये दोन गाणी आहेत, ती ओलांडून दोन्ही सलग लावू नका. विसरत आलेली तारीख परत कानावर येण्यातच गंमत आहे.

वेल्चचे पहिले दोन अल्बम आल्मो साउंड्स या रेकॉर्ड कंपनीने काढले होते. हा तिच्या आणि रॉलिंग्जच्या स्वतःच्या एकॉनी रेकॉर्ड्सवर आला. हे नाव अॅपलाचियन डोंगरात वसंताच्या तोंडाशी फुलणाऱ्या एका लहान पांढऱ्या फुलाचं. स्वतःचं लेबल म्हणजे खर्च स्वतःचा आणि निर्णयही स्वतःचा. म्हणूनच ‘आय ड्रीम अ हायवे’ हे 14 मिनिटं 39 सेकंदांचं गाणं न कापता शेवटी बसू शकलं. ‘एव्हरीथिंग इज फ्री’ तर थेट पैशाच्याच प्रश्नावर आहे. नॅपस्टर या इंटरनेट सेवेवरून गाणी फुकट वाटली जात होती त्या काळातलं हे गाणं. गाणारी तक्रार करत नाही. पैसे मिळोत न मिळोत, मी गाणं करणारच, पण तुम्हाला ऐकायचं असेल तर स्वतःच गा, असं ती शांतपणे सांगते. स्ट्रीमिंगच्या काळात ते जास्तच लागू झालं आहे.

आता ऐकण्याचं. फोनच्या स्पीकरवर हा अल्बम लावूच नका. गिटारच्या सर्वात जाड तारेचा स्वर साधारण 82 हर्ट्झचा असतो आणि तो त्या स्पीकरमधून जवळपास येतच नाही. मग वेल्चची गिटार पातळ होते, रॉलिंग्जची एकटीच किणकिणते आणि सगळा तोल उलटा होतो. साधे तारेचे इअरफोनही पुरतात, फक्त ‘बास बूस्ट’ बंद ठेवा, नाहीतर तोच खर्ज घुमायला लागून शब्द झाकतो. स्ट्रीमिंग अॅपमध्ये शफल आणि क्रॉसफेड दोन्ही बंद करा. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळणं, चालू असला तर ‘रेव्हलेटर’चा विझत जाणारा शेवटचा कॉर्ड पुढच्या बँजोखाली चिरडला जातो. लोकलमध्ये किंवा गाडीतही ऐकू नका. हळू आणि जोरात यांतला फरक गोंगाटात बुडतो आणि सगळी गाणी सारखीच वाटतात.

गिटार वाजवणाऱ्यांनी ही गाणी जोडीने बसवायला घेतली की दोन ठिकाणी हमखास फसतात. एक म्हणजे दोघंही उघड्या कॉर्डवर स्ट्रम करतात. एकाने ‘सी’ची गाणी उघड्या आकारात वाजवली तर दुसऱ्याने पाचव्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून ‘जी’चे आकार घ्यावेत. सूर तोच येतो, पण वरच्या पट्टीत. त्यातही फक्त वरच्या तीन-चार तारा, दोन-दोन स्वरांच्या जोड्यांत. दुसरी चूक लय वाढवण्याची. इतक्या ठाय लयीत मधली मोकळी जागा हाताला सहन होत नाही आणि चौथ्या कडव्यापर्यंत गाणं पळायला लागतं. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) अर्ध्या वेगावर लावून, त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरून सराव केला तर ही खोड जाते.

उणी बाजूही आहे. ‘रेड क्ले हेलो’ सुबक आहे, वाजवलंही छान आहे, पण ते ब्लूग्रास, म्हणजे बँजो-फिडलवरचं अमेरिकी ग्रामीण संगीत, वाजवणाऱ्या कुठल्याही चांगल्या मंडळींना जमलं असतं. ‘डिअर समवन’ गोड आहे, त्यापलीकडे नाही. बहुतेक गाणी संथ म्हटल्यावर एका बैठकीत नवख्याचं लक्ष मधेच सुटू शकतं. अशांनी ‘एव्हरीथिंग इज फ्री’पासून सुरुवात करावी, मग ‘रेव्हलेटर’, मग ‘एल्व्हिस प्रेस्ली ब्लूज’, आणि त्यानंतर पूर्ण अल्बम क्रमाने. ‘आय ड्रीम अ हायवे’ शेवटासाठीच ठेवा. त्याची चाल बदलत नाही, शब्द बदलत राहतात, आणि आधीची चाळीस मिनिटं कानात मुरलेली नसतील तर ते नुसतं लांबलेलं वाटेल.

ड्रमशिवाय करमतच नसेल, तर 2003 चा ‘सोल जर्नी’ आधी ऐका, त्यात ड्रम आणि बेस आहेत. आणि हीच दोन गिटारांची वाट पुढे कुठे गेली हे बघायचं असेल तर 2011 चा ‘द हॅरो अँड द हार्वेस्ट’.