फ्रेमसेट, काही महिने वापरल्यावर: बाकी सगळं चालवून घेतलं, पण तो पत्ता!

‘तुम्ही पाठवलेली लिंक उघडली की दर वेळी पहिलंच पान येतं. नीट लिंक पाठवा.’ अशा अर्थाचे निरोप वेगवेगळ्या लोकांकडून यायला लागले, म्हणून हे लिहायला घेतलं. लिंक नीटच होती. फ्रेमसेटमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या एकाच खिडकीचे खण पाडून प्रत्येक खणात वेगळी फाइल दाखवण्याच्या जुन्या पद्धतीत, याहून नीट लिंक मिळतच नाही, हीच तर तक्रार आहे.

त्यातला एकेक खण म्हणजे फ्रेम, याहून जास्त सांगत बसत नाही. वेबपानांच्या भाषेच्या नव्या आवृत्तीने, एचटीएमएल ५ने, २०१४ साली फ्रेमसेटला कालबाह्य ठरवलं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मी फ्रेमसेटच घेतला, कारण काम होतं एका माहितीपुस्तकाचं: डावीकडे अनुक्रमणिका, उजवीकडे मजकूर, पानं भरपूर, आणि वाचणाऱ्याकडे इंटरनेट असेलच याची खात्री नाही. फोल्डर पेनड्राइव्हवर द्यायचं, इंडेक्स फाइलवर डबल-क्लिक केलं की उघडलं पाहिजे. एवढ्याशा कामासाठी शेकडो पॅकेजेस उतरवून घेणारी साधनं बसवणं माझ्या जिवावर येतं. फ्रेमसेटला चार ओळी लागल्या. अनुक्रमणिका एकाच फाइलमध्ये. नवं प्रकरण आलं की तिथे एक ओळ वाढवायची, बाकी पानांना हातही लावायचा नाही.

सुरुवातीला तर मी खूशच होतो. ब्राउझर आजही फ्रेमसेट बिनतक्रार दाखवतात. मजकूर कितीही खाली सरकवा, अनुक्रमणिका जागच्या जागी. मधली रेघ माउसने ओढून अनुक्रमणिका रुंद करता येते, तीही स्क्रिप्टची एक ओळ न लिहिता. फ्रेमच्या टॅगमध्ये नोरीसाइझ हा शब्द लिहून ही सोय बंद करणाऱ्यांना काय मिळत होतं कोण जाणे.

मग तेच फोल्डर जसंच्या तसं सर्व्हरवर चढवलं आणि पत्त्याचं दुखणं सुरू झालं. वाचणारा अनुक्रमणिकेतून कुठल्याही प्रकरणात जाऊ दे, वरच्या पट्टीत पत्ता तोच. बुकमार्क केलं तरी पहिलं पान. दुसऱ्याला पाठवलं तरी पहिलं पान. बरं, आतल्या पानाचा पत्ता शोधून पाठवावा, तर ते पान एकटंच उघडतं: अनुक्रमणिका नाही, मागेपुढे जायला वाट नाही. सर्च इंजिनमधून येणारा माणूसही अशाच पोरक्या पानावर येऊन पडतो. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९६च्या डिसेंबरमध्ये फ्रेम्सवर टीका केली, तेव्हाही त्यांचं दुखणं हेच होतं: पान आणि पत्ता यांचं नातं तुटतं. नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरच्या आवृत्ती २मध्ये तर ‘मागे’चं बटण दाबलं की अख्ख्या फ्रेमसेटच्याच बाहेर जायला व्हायचं. ते नेटस्केप ३मध्ये सुधारलं. पत्ता मात्र तसाच राहिला.

यावर उपाय आहे, आणि तो केल्यावर माझं मत काहीसं बदललं. आतलं प्रत्येक पान उघडताच आपलं नाव पोस्टमेसेजने, म्हणजे एका फ्रेममधून दुसरीकडे निरोप धाडायच्या ब्राउझरच्या सोयीने, बाहेरच्या फ्रेमसेटला कळवतं. फ्रेमसेट ते नाव पत्त्यात हॅशच्या (#) चिन्हापुढे लावतो. उलट बाजूने, हॅश असलेली लिंक कुणी उघडली तर फ्रेमसेट ते पान उजव्या फ्रेममध्ये आणतो. हॅश लावायला लोकेशन-रिप्लेस ही आज्ञा वापरा, ती इतिहासातली चालू नोंदच बदलते. थेट हॅश बदललात तर इतिहासात एकेक जादा नोंद पडते आणि ‘मागे’ला दोनदोनदा दाबावं लागतं. शिवाय हॅशमध्ये येईल ते डोळे मिटून फ्रेममध्ये घालू नका. आपल्या फाइलींच्या नावांची यादी ठेवा आणि तिच्यात असेल तेवढंच उघडा. नाहीतर कुणीही आपल्या पत्त्यामागे स्वतःचं पान चिकटवून ती लिंक फिरवेल आणि वाचणाऱ्याला ते आपलंच वाटेल.

पोस्टमेसेजच का, तर डबल-क्लिकने उघडलेल्या फाइलींमध्ये एका फ्रेमची स्क्रिप्ट दुसऱ्या फ्रेमला हात लावू शकत नाही. क्रोम अशी प्रत्येक फाइल परकी समजतो आणि २०१९पासून फायरफॉक्सही तेच करतो. चालू प्रकरण अनुक्रमणिकेत ठळक दाखवणारी माझी स्क्रिप्ट सर्व्हरवर झकास चालायची आणि पेनड्राइव्हवर मुकाट बसायची. ते गणित पोस्टमेसेजनेच सुटलं.

आता गंमत बघा. चार ओळींत काम होतं म्हणून फ्रेमसेट घेतला आणि त्याचा पत्ता दुरुस्त करायला त्याच्या कितीतरी पट स्क्रिप्ट लिहावी लागली. स्वस्तात पडलं असं आता कुठल्या तोंडाने म्हणू?

टार्गेटचा, म्हणजे लिंक कुठल्या फ्रेममध्ये उघडायची हे सांगणाऱ्या गुणधर्माचा, जाच वेगळाच. अनुक्रमणिकेच्या फाइलमध्ये सगळ्या लिंकना लागू होणाऱ्या बेस टॅगला टार्गेट एकदाच लावून टाका, प्रत्येक लिंकला लावत बसू नका. एखाद्या लिंकला लावायचं राहिलं, तर अख्खं प्रकरण डावीकडच्या २२० पिक्सेलच्या पट्टीत कोंबलं जातं, एका ओळीत तीन शब्द, आणि अनुक्रमणिका गायब. बाहेरच्या संकेतस्थळांच्या लिंकना मात्र अंडरस्कोर टॉप (_top) हे टार्गेट हवंच, म्हणजे त्या अख्ख्या खिडकीत उघडतात. पुष्कळ संकेतस्थळं एक्स-फ्रेम-ऑप्शन्स ही सर्व्हरची सूचना लावून स्वतःला दुसऱ्याच्या फ्रेममध्ये उघडू देत नाहीत. ते त्यांचं बरोबरच आहे, क्लिकजॅकिंगपासून, म्हणजे दुसऱ्याचं पान लपवून त्यावर फसवून क्लिक करून घेण्यापासून, बचाव व्हायला हवा. पण वाचणाऱ्याला उजवीकडे नुसता रिकामा चौकोन आणि जोडणी नाकारल्याचा संदेश दिसतो, आणि तो आपल्यालाच कळवतो की साइट बंद पडली आहे.

मोबाइलबद्दल थोडक्यात: नाद सोडा. ३६० पिक्सेलच्या पडद्यातले २२० अनुक्रमणिकेने खाल्ले तर मजकुराला उरतात १४०. फ्रेमची रुंदी एचटीएमएलच्या गुणधर्मात लिहिलेली असते, त्यामुळे मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारा सीएसएसचा नियम, तिथे पोचतच नाही.

छपाईतही क्रोम पडद्यावर दिसतो तेवढाच तुकडा छापतो, खालचा मजकूर कापून. फायरफॉक्समध्ये राइट-क्लिक करून फक्त ती फ्रेम छापता येते, नव्या टॅबमध्येही उघडता येते. ही सोय तिथे अजून शाबूत आहे, त्याबद्दल आभार.

आयफ्रेम, म्हणजे साध्या पानातच बसवलेली फ्रेम, घ्यायचा होता, असं कुणीतरी म्हणेलच. करून पाहिलं. आयफ्रेम एचटीएमएल ५मध्ये मान्य आहे आणि त्याची रुंदी मीडिया क्वेरीने बदलता येते, म्हणजे मोबाइलचा प्रश्न सुटतो. पत्त्याचा जिथल्या तिथे राहतो, आणि रेघ ओढायची सोय जाते ती जातेच. जावा भाषेच्या माहितीची पानं तयार करणाऱ्या जावाडॉकची ती तीन खणांची पानं आठवतात? जावा ११मध्ये त्यांनी फ्रेम्सऐवजी साधी पानं ठरीव केली आणि जावा १३मध्ये फ्रेम्स काढूनच टाकल्या. त्यांच्याकडे तर पानं आपोआप तयार होतात, प्रत्येक पानात हवं ते घालायला त्यांना वेगळे कष्ट नव्हते. माझ्याकडे ती चैन नव्हती.

निदान इतके दिवस नव्हती. आता एक छोटी स्क्रिप्ट केली आहे. ती अनुक्रमणिका प्रत्येक पानात ओतून देते आणि पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसच्या स्टिकी या गुणधर्माने ती डावीकडे चिकटून राहते. सर्व्हरवर आता हीच प्रत आहे आणि लिंकबद्दलचे निरोप थांबले आहेत. फोल्डर मात्र अनुक्रमणिकेच्या पटीत फुगलं. पेनड्राइव्हवर अजून फ्रेमसेटचीच प्रत देतो. तिथे पत्ता कुणी विचारत नाही आणि दुरुस्ती एकाच फाइलमध्ये होते.

गुण द्यायचेच तर पेनड्राइव्हसाठी पाचपैकी चार. सर्व्हरसाठी दीड, आणि त्यातला अर्धा त्या ओढायच्या रेघेचा.