मोटर उलटवायची की गिअरने झोका द्यायचा?

वॉशिंग मशीनचा टब आहे, मोटर आहे, पाणी ढवळायला पंखही आहेत. घोडं अडलंय ते मधल्या जोडणीवर. मोटर गरगर फिरते आणि कपड्यांना हवा असतो झोका, थोडा इकडे, थोडा तिकडे. तो कुठून आणायचा? मोटरच उलटसुलट फिरवायची, की तिला बापडीला एकाच दिशेने फिरू द्यायचं आणि झोक्याचं काम गिअरवर सोपवायचं? जुनी मशीन दुरुस्त करताना किंवा जोडतोड करून नवी उभी करताना या फाट्यावर यावंच लागतं. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय. माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच, पण दुसऱ्या बाजूचं म्हणणंही लंगडं नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

मोटर उलटवणं दिसायला फार सोपं. दोन सारखी वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, असलेली सिंगल फेज मोटर, कपॅसिटर आणि टायमर. टायमर कपॅसिटरला कधी या वाइंडिंगकडे टाकतो, कधी त्या, आणि त्यावर दिशा ठरते. खाली पट्टा, मोठी पुली, वर चकती. झालं. तेल नाही, दाते नाहीत, वजन नाही. बिघडून बिघडणार काय, तर कपॅसिटर, टायमरचे पॉइंट नाहीतर पट्टा. तिन्ही अर्ध्या तासात बदलता येतात आणि त्यासाठी मशीन आडवी करायला दुसरा माणूस लागत नाही. ज्याला घर बदलताना मशीन दर वेळी उचलून न्यायची आहे, त्याने इथेच थांबून ही पद्धत घ्यावी. माझी काहीच हरकत नाही.

मीही हीच घेतली होती. टायमर पाच सेकंद फिरवायचा, तीन सेकंद थांबवायचा, मग उलट पाच. पहिले दोन आठवडे मी खूश होतो. मोजे, रुमाल, बनियन छान निघायचे. मग एका धुण्यात डबल बेडची चादर आणि लांब बाह्यांचे चार शर्ट एकत्र पडले. आईने झाकण उघडलं, हात घातला आणि जे वर आलं ते तसंच धरून मला हाक मारली, "हे धुतलंयस की वेणी घातलीयस?"

वेणीच होती. चादरीचा दोर झाला होता आणि त्यात प्रत्येक शर्टाची एकेक बाही गुंतली होती. पिळाच्या आतलं कापड कोरडं नव्हतं, पण स्वच्छही नव्हतं. साबणाचं पाणी तिथवर पोचलंच नव्हतं. आणि हे एकदाच झालं असं नाही. चादर आली की पीळ आला.

कारण शोधायला फार डोकं लागत नाही. पाच सेकंदांत माझी चकती पंधरा-अठरा फेरे मारायची. इतक्या वेळात सगळं पाणी तिच्यामागे धावायला लागतं, पाण्यामागे कपडे. दिशा बदलली की पीळ उलगडायला हवा असं वाटतं. तो अर्धा उलगडतो आणि उरलेल्या अर्ध्यावर उलट्या दिशेचा नवा पीळ चढतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ ओलाच होता.

मग म्हटलं, वेळ कमी करू. मूळचा टायमर काढला आणि वेळ बदलता येणारा रिले टायमर बसवला. दोन सेकंद फिरणं, दीड सेकंद थांबणं. फेरे कमी, पीळ कमी, असा माझा हिशोब. पहिल्याच धुण्यात मोटरने तो खोटा ठरवला. टायमर कटकट वाजत दिशा बदलत होता आणि चकती मजेत एकाच दिशेने फिरत होती. सिंगल फेज मोटरची ही खोड आहे. ती कुठे जायचं हे सुरुवातीलाच ठरवते; पूर्ण थांबली नसेल तर कपॅसिटर दुसऱ्या बाजूला टाकला तरी आहे त्याच दिशेने चालत राहू शकते. कपडे भरपूर असले तर ते ब्रेक लावतात आणि मोटर थांबून उलटते. कपडे थोडे असले की फिरतं पाणीच चकतीला ओढत राहतं. म्हणजे थांबण्याचा वेळ वाढवायला हवा. तो वाढवला की धुण्याचा निम्मा वेळ नुसतं उभं राहण्यात जातो, कमी केला की मोटर ऐकत नाही.

त्यात मोटर तापायला लागली ती वेगळीच. आधीच्या टायमरवर बारा मिनिटांत नव्वद वेळा सुरू व्हायची, आता दोनशेच्या वर. मोटर सर्वांत जास्त करंट ओढते ती सुरू होताना. धुणं संपल्यावर तिच्यावर हात ठेववत नव्हता. शर्टाच्या बाहीपायी मोटर जाळायची तयारी नव्हती, आणि बाही सोडून द्यायची तयारी आईची नव्हती.

पिळाचं हे दुखणं वॉशिंग मशीनइतकंच जुनं आहे. अल्वा फिशरच्या नावाने १९१० साली अमेरिकेत ज्या विजेच्या मशीनचं पेटंट निघालं, तिच्यात ड्रम काही फेऱ्यांनंतर आपोआप उलटा फिरावा अशी गिअरची सोय होती. हेतू हाच, कपड्यांचा गोळा होऊ नये. १९२२ मध्ये मेटॅगने टबच्या तळाशी अ‍ॅजिटेटर बसवलेली मशीन आणली. टब स्थिर आणि मधले पंख झोके घेणारे. ज्या घाटाच्या मशीनची गिअरची पेटी मी शेवटी भंगारातून उचलली, त्याचं मूळ तिथवर जातं.

आता ती पेटी. पायाने चालवायची शिलाई मशीन ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगावं लागणार नाही. तिथे पाय झोका देतो आणि चाक गोल फिरतं. इथे तेच उलटं आहे, चाक गोल फिरतं आणि पाय झोका घेतो. माझ्या पेटीत मोटरचे मिनिटाला सुमारे १४४० फेरे पट्ट्यावर तिसरा हिस्सा होतात, आत वर्मच्या, म्हणजे स्क्रूसारख्या गिअरच्या, जोडीवर आणखी आठवा हिस्सा, म्हणजे वर्मचं चाक मिनिटाला ६० फेरे फिरतं. त्या चाकावर मध्यापासून ३० मिमीवर क्रँकची खुंटी. खुंटीपासून कनेक्टिंग रॉड एका हाताला जोडलेला, हाताची लांबी ८० मिमी. चाक एक फेरा मारतं तेवढ्यात हात ४४ अंशांतून एकदा जाऊन परत येतो. एवढ्याशा हलण्याने कपडे काय धुणार! म्हणून त्या हाताच्या दुसऱ्या टोकाला सेक्टर गिअर आहे, म्हणजे ७२ दात्यांच्या चाकातून कापलेली जणू कलिंगडाची फोड. ती १८ दात्यांच्या पिनियनला, म्हणजे छोट्या चाकाला, चौपट फिरवते. झाले १७६ अंश, जवळपास अर्धा फेरा. पिनियन ज्या दांड्यावर, त्याच दांड्यावर वर अ‍ॅजिटेटर.

अर्ध्या फेऱ्यात पीळ बसत नाही. सगळ्या खटाटोपाचं फळ एवढंच आणि माझ्या दृष्टीने ते पुरेसं आहे. पाण्याला मागे धावायची सवय लागायच्या आत पंख परत फिरलेले असतात. मोटरला तर आपण कपडे धुतोय याचा पत्ताच नसतो. ती एकदा सुरू होते आणि बारा मिनिटांनी बंद होते. शिवाय क्रँकचा झोका टोकाशी आपोआप मंद होतो, क्षणभर थांबतो, परत वेग घेतो. मधोमध पंखांचा वेग मिनिटाला ९० फेऱ्यांच्या आसपास जातो आणि टोकाला शून्य. कापडाला मध्ये रेटा मिळतो, टोकाला उसंत. हे रिलेने जमवायला गेलो असतो तर अजून जमवतच बसलो असतो.

पेटी तयार मिळाली नाही आणि क्रँक-हाताची जोडणी स्वतः करायची झाली, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. क्रँक, रॉड, हात आणि क्रँकच्या व हाताच्या केंद्रांमधलं अंतर या चार लांब्यांपैकी सर्वांत छोटी आणि सर्वांत मोठी यांची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी हवी, नाहीतर क्रँक पूर्ण फेरा मारायच्या आधीच अडकतो. आणि जायला-यायला सारखा वेळ लागावा असं वाटत असेल तर दोन केंद्रांमधलं अंतर मोजून ठेवा. क्रँक ३०, रॉड १५०, हात ८० असेल तर ते अंतर १६७ मिमी येतं. मी पहिल्या खेपेला नजरेने १५० ठेवलं होतं. एक झोका जलद आणि परतीचा रेंगाळत, पेंगुळल्या माणसाच्या मानेसारखा.

सेक्टरऐवजी सरळ रॅक, म्हणजे दाते असलेली पट्टी, वापरा असं सांगणारेही भेटतील. जागा खरंच वाचते. याच पिनियनला १७६ अंश फिरवायला रॅक फक्त ५५ मिमी सरकावा लागतो, म्हणजे २८ मिमीच्या क्रँकवर भागतं आणि हात-बित काही लागत नाही. पण रॅकला सरकायला खाच लागते, रॉड तिरपा होताना रॅकला बाजूला दाबतो, आणि खाच झिजली की रॅक पिनियनपासून लांब जायला बघतो. सेक्टर एका बेअरिंगवर झुलतो. झिजलं तर बुश, म्हणजे आतलं कडं, बदला. मी रॅक एका जुन्या पेटीत उघडून पाहिला, वापरला नाही. त्यामुळे याहून जास्त बोलायचा मला अधिकार नाही.

गिअरच्या पेटीची दुखणी मात्र सोसली आहेत, तीही सांगितली पाहिजेत. ती जड आहे. तिच्यात तेल आहे, आणि अ‍ॅजिटेटरच्या दांड्याचं ऑइल सील गेलं की वरचं पाणी आत उतरतं. जुनी पेटी घेताना तेलाचं बूच उघडून बोट बुडवा. तेल काळं असेल तर चिंता नाही. दुधाळ असेल तर सील गेलेलं आहे आणि बेअरिंगनाही पाणी लागलेलं आहे. ती पेटी तिथेच ठेवून या. सील बदलायला सगळं वरपासून खालपर्यंत सोडवावं लागतं आणि माझा त्यात एक अख्खा रविवार गेला.

दुसरं दुखणं ठोक्याचं. दात्यांमध्ये थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, असतोच; जोराची दिशा बदलली की दाता एका गालावरून दुसऱ्या गालावर येतो आणि टक् वाजतं. रिकाम्या टबात हा ठोका झोक्याच्या मध्यावर ऐकू येतो, कारण तिथून पुढे पंखांचं वजनच पुढे धावत असतं आणि गिअर त्यांना आवरत असतो. टब भरला की ठोका टोकाकडे सरकतो, कारण आता पाणीच पंखांना धरून ठेवतं. पेटी विकत घेताना रिकामी चालवून बघणार असाल तर मधल्या ठोक्याला घाबरू नका. पाणी भरल्यावरही तो मोठ्याने आणि टोकाला दोनदा वाजला, तर पिनियनशिवाय आणखी काहीतरी सैल आहे. बहुतेक खुंटीचं बुश.

पिनियनची गंमत वेगळीच. १७६ अंश म्हणजे अठरापैकी नऊच दाते काम करतात, उरलेले नऊ नुसते फिरायला. माझ्या पेटीतला पिनियन काढला तेव्हा एका बाजूचे दाते सुरीसारखे झाले होते आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यातल्या कटरच्या रेघा अजून दिसत होत्या. पिनियन आतून खाचांचा होता. अर्धा फेरा वळवून परत बसवला, ठोका निम्म्यावर आला. असा सुटा भाग, जो आपल्याच पोटात आपला बदली ठेवतो, मला दुसरीकडे कुठे भेटलेला नाही. सेक्टरला ही सोय नाही, पण त्याचे दाते मोठ्या चाकाचे, ते सावकाश झिजतात.

याच टबात कपडे पिळूनही निघायला हवे असतील तर गिअरचा मामला अवघड होतो. पिळताना झोका थांबवून टब आणि पंख दोन्ही एकत्र फिरवायचे असतात, त्यासाठी क्लच आला, ब्रेक आला. व्हर्लपूलने १९८० च्या दशकात यावर छान तोडगा काढला होता, मोटर एका दिशेला फिरली की झोका आणि उलट फिरली की पिळणं. पण असलं काही घरी जमवायच्या भानगडीत मी पडणार नाही. माझा पिळायचा टब वेगळा आहे, म्हणून मला हे सुख परवडतं.

आणि हो, पट्टाही नको आणि गिअरही नको अशी तिसरी जात आहेच. टबखालची सपाट मोटर स्वतःच मोजून-मापून झोके देते, किती अंश ते बोर्ड ठरवतो. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेलने १९९१ मध्ये अशी मशीन बाजारात आणली. नवीच घ्यायची असेल तर या जातीशी भांडण करायला माझ्याकडे मुद्दा नाही. पीळ नाही, ठोका नाही, तेल नाही. फक्त ती मोटर बोर्डाशिवाय एक अंशही हलत नाही, आणि मला बोर्ड दुरुस्त करता येत नाही. दाते दिसतात, मोजता येतात, उलटे करून बसवता येतात. हा माझ्या हाताचा दोष समजा.

तुमच्या धुण्यात बहुतेक बारीक कपडे असतील, मशीन हलती ठेवायची असेल, आवाज चालणार नसेल, तर उलटणारी मोटर घ्या आणि पाच-तीन सेकंदांच्या टायमरला हात लावू नका. चादरी, पडदे, लांब बाह्या असतील तर मला वाटतं गिअरची पेटी शोधावी. आईची तक्रार अजून संपलेली नाही. पहाटे मशीन लावली की टक्-टक् ऐकू येते म्हणते. चादर मात्र आता एका हाताने उचलते आणि ती सपाट वर येते.