एक कंपनी, दोन धंदे: कॉन्ट्रॅक्टरांच्या एका हिशेब-सेवेचा अनुभव

ब्रिटनमध्ये संगणक क्षेत्रात कॉन्ट्रॅक्टर म्हणून काम करताना मी माझ्या लिमिटेड कंपनीचे हिशेब ऑनलाइन चालणाऱ्या एका अकाउंटंट सेवेकडे सोपवले. केवळ सल्लागारीचे उत्पन्न होते तोवर तक्रारीला जागाच नव्हती. महिन्याला एक इन्व्हॉइस, ठरलेला पगार, तिमाही व्हॅट आणि वर्षाअखेरचे हिशेब एवढे सगळे वेळेवर होत असे. त्याच कंपनीतून मी लग्नसमारंभांचे छायाचित्रण सुरू केले, आणि या सेवेची खरी परीक्षा तेव्हापासून सुरू झाली.

आधी जे चांगले झाले ते सांगतो. नव्या धंद्यासाठी दुसरी कंपनी काढावी का, या माझ्या प्रश्नाला त्यांनी स्पष्ट आणि अचूक उत्तर दिले. नफा ५० हजार पौंडांपर्यंत असेल तर कॉर्पोरेशन टॅक्स १९ टक्के लागतो. पण एकाच मालकाच्या दोन कंपन्या असल्या की ही मर्यादा दोघींत विभागली जाऊन प्रत्येकीला २५ हजारच मिळते, त्यामुळे कर वाचवण्यासाठी दुसरी कंपनी काढण्यात अर्थ नव्हता. उलट, एकाच कंपनीत राहिल्याने छायाचित्रणाचा पहिल्या वर्षीचा तोटा सल्लागारीच्या नफ्यातून वजा करता आला. कॅमेरा आणि भिंगांचे ३ हजार पौंडांचे बिल मी सहज म्हणून पाठवले होते. माझी कंपनी व्हॅटच्या फ्लॅट रेट योजनेत होती, म्हणजे ग्राहकाकडून नेहमीचा व्हॅट घ्यायचा आणि सरकारला व्हॅटसह उलाढालीचा ठरलेला टक्का भरायचा. या योजनेत एरवी खरेदीवरचा व्हॅट परत मिळत नाही, परंतु व्हॅट धरून २ हजार पौंड किंवा त्याहून अधिक किमतीची भांडवली वस्तू एकाच खरेदीत घेतली असेल तर तो मिळतो, हे त्यांच्याच लक्षात आले आणि माझे ५०० पौंड वाचले.

घोळ झाला तोही नेमका व्हॅटमध्येच. व्हॅटची नोंदणी कंपनीची असते, धंद्याची नव्हे. म्हणूनच छायाचित्रणाची उलाढाल व्हॅट नोंदणी सक्तीची करणाऱ्या ९० हजार पौंडांच्या मर्यादेच्या आसपासही नसताना मला वधूवरांकडून २० टक्के व्हॅट घ्यावा लागतो. माझ्या सल्लागारीचे ग्राहक व्हॅट-नोंदणीकृत असल्यामुळे तो परत मिळवतात, तर लग्नघरच्या माणसांना तो सोसावा लागतो. परिणामी ६०० पौंडांचे काम त्यांना ७२० ला पडते, आणि शेजारचा बिननोंदणीचा छायाचित्रकार तेच काम ६०० ला करून देतो. काम सुरू करण्यापूर्वी मला ही गोष्ट सांगायला हवी होती. ती मला पहिल्या ग्राहकाच्या चेहऱ्यावर वाचावी लागली.

त्यानंतर त्यांच्या प्रणालीने छायाचित्रणाच्या बिलांना फ्लॅट रेट योजनेत त्या व्यवसायासाठी ठरलेला ११ टक्के दर लावला आणि सल्लागारीच्या बिलांना १६.५ टक्के. असे दोन दर चालत नाहीत. कंपनी कितीही धंदे करो, तिच्या संपूर्ण उलाढालीला एकच दर लागतो आणि तो उलाढालीने मोठ्या असलेल्या धंद्यावरून ठरतो. त्यातही वस्तूंची खरेदी अगदी कमी, म्हणजे व्हॅटसह उलाढालीच्या २ टक्क्यांहून कमी असेल तर १६.५ टक्केच भरावे लागतात. अल्बम आणि छापील प्रतींवरचा माझा खर्च तिमाहीला सुमारे २३० पौंड, तर व्हॅटसह उलाढाल २५ हजारांच्या घरात. म्हणजे २ टक्क्यांची अट आम्ही कोठेच पूर्ण करत नव्हतो. ७२० पौंडांच्या बिलावर ७९.२० ऐवजी ११८.८० पौंड भरणे आवश्यक होते. दोन तिमाह्यांत अशी नऊ बिले होती, म्हणून ३५६.४० पौंड कमी भरले गेले, आणि ही चूक त्यांना नव्हे, मला सापडली. फरक लहान असल्याने पुढच्या विवरणपत्रात दुरुस्ती झाली आणि त्यांनी माफीही मागितली. तथापि, ग्राहकाकडून घेतलेल्या १२० पौंडांतले जेमतेम १ पौंड २० पेन्स उरत असताना ही योजना सोडावी का, हा विषय त्यांच्या बाजूने कधीच निघाला नाही. तो मी काढला.

कंपनीज हाउस या ब्रिटनच्या कंपनी-नोंदणी कार्यालयाकडील नोंदीत व्यवसायाचे चारपर्यंत संकेतांक देता येतात. छायाचित्रणाचा दुसरा संकेतांक त्यांनी मी न सांगताच जोडला, हे बरे केले. विम्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. माझी व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी केवळ संगणक सल्लागारीपुरती होती, आणि एखाद्या लग्नात दिव्याचा स्टँड कोणाच्या अंगावर पडला असता तर भरपाईचा दावा सल्लागारीतून साठलेल्या पैशांपर्यंत पोहोचला असता, कारण कंपनी एकच. विमा हे अकाउंटंटचे काम नाही, हे मान्य. पण असा इशारा द्यायला एक ओळ पुरली असती.

आयआर३५, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर कराच्या दृष्टीने खरे तर ग्राहकाचा नोकरच ठरतो का हे पाहणारा नियम, यासंबंधी त्यांचे मत मला पटले: छायाचित्रणाचे उत्पन्न आहे म्हणून सल्लागारीचा करार आपोआप सुरक्षित ठरत नाही, प्रत्येक करार त्याच्या स्वतःच्या अटींवर तपासला जातो.

एकच कॉन्ट्रॅक्ट असणाऱ्याने ही सेवा निःशंकपणे घ्यावी. दुसरा धंदा जोडणाऱ्याने करार करण्यापूर्वी व्हॅटबद्दल लेखी प्रश्न विचारून उत्तर पाहावे. मी अजून त्यांच्याकडेच आहे. फ्लॅट रेट योजना सोडली आहे, दोन्ही धंद्यांची खाती वेगळी ठेवतो, आणि विवरणपत्र मंजूर करण्यापूर्वी आकडे कागदावर स्वतः मांडून पाहतो.