सहल कंपनीतील अर्धवेळ व्यवस्थापकाचे काम : तीन हंगामांनंतरचा अभिप्राय

निवृत्त माणसाने वर्षातून काही आठवडे सहल कंपनीसाठी काम करावे आणि त्या निमित्ताने देश पाहावा, ही कल्पना सध्या अनेकांच्या मनात असते. तिच्याविषयी मला इतक्या वेळा विचारले जाते की एकदाच सविस्तर लिहावे असे ठरवले. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलमधून स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडलेल्या अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी मी एक आहे. पुढची दोन वर्षे कोरोनाने घरातच गेली आणि २०२२ च्या ऑक्टोबरपासून मी पुण्यातील एका मध्यम आकाराच्या सहल कंपनीत टूर मॅनेजर म्हणून अर्धवेळ काम करते आहे. कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण काही तक्रारीही लिहायच्या आहेत आणि यंदाच्या हंगामातही मला त्याच कंपनीबरोबर जायचे आहे.

निवड सोपी असते, प्रशिक्षण तीन दिवसांचे असते आणि ते चांगले असते, एवढे प्रथम मान्य केले पाहिजे. खोल्यांची वाटणी कशी लावायची, हॉटेलचे व्हाउचर कसे तपासायचे, वाटखर्चासाठी दिलेल्या रकमेचा हिशेब रोजच्या रोज कसा लिहायचा, बसमध्ये पुढच्या-मागच्या जागांची पाळी दररोज कशी फिरवायची आणि कोणाला चक्कर आली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे, हे सगळे नीट शिकवतात. त्यानंतर एक सहल सहायक म्हणून बिनपगारी करावी लागते. ही अट मला सुरुवातीला खटकली होती. पण माईक हातात धरून बेचाळीस अनोळखी माणसांची ओळखपरेड घेणे हे वर्गात बसून येणारे काम नव्हे, हे त्या सहलीत पटले.

आता पैशांचे सांगते, कारण लोक ते विचारायला संकोचतात. मला दिवसाला १,५०० रुपये मानधन मिळते. गेल्या वर्षी मी ११ सहली आणि ६८ दिवस काम केले, म्हणजे १,०२,००० रुपये झाले. त्यातून १० टक्के कर आधीच कापला जाऊन हातात ९१,८०० रुपये आले. कापलेला कर विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतो, म्हणून त्याचे प्रमाणपत्र कंपनीकडून मागून घ्यावे. आपण होऊन ते पाठवत नाहीत. प्रत्येक सहलीआधी दोन दिवस पर्यटकांना फोन करण्यात जातात आणि त्यांचे मानधन मिळत नाही. हे फोन टाळता येत नाहीत. गुडघे कोणाचे दुखतात, मधुमेहामुळे साखर कोणाला चालत नाही, चातुर्मासात कांदा-लसूण कोण सोडते, ही माहिती अर्जात कोणी लिहीत नाही, फोनवर मात्र भरभरून सांगतात. रेल्वेने मार्च २०२० मध्ये बंद केलेली ज्येष्ठ नागरिकांची सवलत पुन्हा केव्हा सुरू होणार, हेही मलाच विचारतात. त्या वेळी मी एवढेच सांगते की ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा कोटा अजून आहे, तेव्हा तिकीट काढताना वय बरोबर लिहा.

प्रवासाच्या लाभांकडे वळू. कंपनीच्या जाहिरातीत तीन लाभ सांगितलेले असतात. पहिला म्हणजे सहलीतील प्रवास, निवास आणि जेवण कंपनीच्या खर्चाने; यालाच लोक ‘फुकट फिरणे’ म्हणतात. या लाभाची खरी किंमत लेण्याद्रीच्या पायथ्याशी कळते.

आमची अष्टविनायक सहल दोन दिवसांची असते. पहाटे पुण्याहून निघून मोरगाव, सिद्धटेक, थेऊर आणि रांजणगाव करायचे, रात्री ओझरला मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी ओझरचे दर्शन उरकून लेण्याद्री, महड आणि पाली करून रात्री परतायचे. यांपैकी सात ठिकाणी व्यवस्थापकालाही दर्शन मिळते. आठवे डोंगरात, बौद्ध लेण्यांच्या रांगेत आहे आणि तेथे जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. आमच्या कंपनीचा नियम असा की गटातला सर्वांत अशक्त माणूस जेथे थांबेल तेथे व्यवस्थापकाने थांबायचे. गेल्या डिसेंबरात पाच जण खालीच बसले आणि पस्तीस जण वर गेले. उरलेल्यांपैकी एक आजोबा डोलीवाल्यांशी भाव करत राहिले. दुसरे साताऱ्याचे काका, वय ७६; आदल्या दिवशी एसटीच्या अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत एक पैसा न देता पुण्याला आलो, हे त्यांनी बसमध्ये तीनदा सांगितले होते. ते निम्म्या पायऱ्यांवर जाऊन बसले आणि “ताई, तुम्ही जा वर, मी आहे येथेच” असे म्हणत राहिले. त्यांच्या हातातल्या प्रसादाच्या पिशवीवर एका माकडाची नजर होती. मी ती पिशवी माझ्या पदराखाली घेतली, त्यांना पाणी दिले आणि वरची मंडळी उतरेपर्यंत पाऊण तास त्यांच्या शेजारी बसले. अष्टविनायक नऊ वेळा झाले, असे माझ्याविषयी नातेवाईक कौतुकाने सांगतात. गिरिजात्मजाचे दर्शन मला तीनदाच झाले आहे. शास्त्राप्रमाणे माझ्या सहा यात्रा अपुऱ्या धरायच्या की कसे, हे कोणी जाणकाराने सांगावे.

म्हणून या पहिल्या लाभाला मी लाभ म्हणत नाही. ती कामाची साधने आहेत. कार्यालयातल्या खुर्चीला जसे कोणी पगार म्हणत नाही, तसेच बसमधल्या पुढच्या जागेचेही आहे. पहाटे पाचला उठवायचे, सहाला नाश्ता, सातला बस, आणि रात्री साडेदहाला “ताई, गरम पाणी येत नाही” या फोनने दिवस संपवायचा, असा दिनक्रम असताना डोळ्यांसमोरून जाणारा प्रदेश पाहिला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. शिवाय स्थळाची माहितीही आपण सांगायची नसते. वेरूळसारख्या संरक्षित स्मारकात परवानाधारक स्थानिक गाइड घ्यावा लागतो आणि तो बोलत असताना आपण माणसे मोजत मागे उभे राहायचे असते. इतिहासाची आवड म्हणून या कामाकडे येणाऱ्या निवृत्त शिक्षकांचा येथे बराच हिरमोड होतो.

दुसरा लाभ कुटुंबाच्या सवलतीचा. वर्षात ५० दिवस काम केले की घरातल्या एका माणसाला एका सहलीत मूळ खर्चात जागा मिळते. यात दोन अटी आहेत आणि दोन्ही जाहिरातीत बारीक अक्षरांत असतात. जागा निघण्याच्या दहा दिवस आधी रिकामी असली पाहिजे, त्यामुळे मे महिना आणि दिवाळीची सुट्टी आपोआप बाद होते. आणि आपण ज्या सहलीचे व्यवस्थापक आहोत तिच्यात घरचे माणूस चालत नाही. दुसरी अट योग्यच आहे, कारण खोलीवरून आणि खिडकीवरून कुरबुरी होतात. परिणाम मात्र असा झाला की ३८,००० रुपयांची राजस्थानची सहल माझ्या श्रमांवर २७,००० रुपयांत ह्यांनी एकट्याने पाहिली आणि त्या आठवड्यात मी केरळात दुसऱ्यांचे वाढदिवस साजरे करत होते. जैसलमेरच्या वाळूतला त्यांचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे.

तिसरा लाभ जाहिरातीत एका ओळीत उरकलेला असतो आणि सर्वांत मोलाचा तोच आहे. लांबच्या सहलीत, पर्यटक परतल्यानंतर व्यवस्थापकाला चार दिवसांच्या आतल्या कोणत्याही तारखेचे परतीचे तिकीट मागता येते. मधला राहण्याचा खर्च आपला. मला ही ओळ तिसऱ्या वर्षी दिसली. तोवर काशीच्या पाच सहली झाल्या होत्या आणि दशाश्वमेध घाटावरची संध्याकाळची आरती मी पाचही वेळा पाठमोरी पाहिली होती, कारण त्या गर्दीत तोंड आपल्या माणसांकडे ठेवावे लागते. सहाव्या वेळी गटाला विमानतळावर निरोप दिला आणि मी शहरात परत आले. हे मुंबईहून महानगरी एक्स्प्रेसने येऊन पोहोचले होते. पुढचे तीन दिवस आम्ही अस्सीपासून पंचगंगा घाटापर्यंत पायी फिरलो. होडीतून पाऊण तासात उरकणारे अहिल्याबाईंचे, नागपूरकर भोसल्यांचे आणि शिंद्यांचे घाट पायऱ्या चढून-उतरून पाहिले. शिंदे घाटाजवळचे रत्नेश्वराचे कललेले देऊळ मी होडीतून सहा वेळा बोट करून दाखवले होते. त्याच्या पायाशी साचलेला गाळ प्रथमच जवळून पाहिला. आरतीला दोन्ही संध्याकाळी समोर बसलो. या तीन दिवसांचा खर्च खोली आणि जेवण मिळून आम्हा दोघांचा साडेसहा हजार झाला आणि माझे तिकीट कंपनीचे होते. कोणतीही सहल कंपनी निवडताना मानधनाच्या आधी या सोयीविषयी विचारावे, असे मी आता सर्वांना सांगते.

उणिवांपैकी विम्याची बाब गंभीर आहे. पर्यटकांचा अपघात विमा सहलीच्या किमतीत असतो. माझा नव्हता, आणि ही गोष्ट मला दुसऱ्या हंगामात योगायोगाने कळली. मी स्वतःचा विमा घेतला. वयाची मर्यादाही आहे : साठीनंतर चारधाम आणि लडाख या सहली देत नाहीत. केदारनाथ समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटर उंचीवर आहे, गौरीकुंडापासूनची चढण सोळा किलोमीटरच्या आसपास आहे, आणि लेहला तर विमानातून उतरताच सव्वातीन हजार मीटर उंचीवर पाऊल पडते, तेव्हा या नियमाबद्दल माझी तक्रार नाही.

खरी तक्रार खोलीची आहे. एकट्या येणाऱ्या महिलांना दोघींत एक खोली दिली जाते आणि संख्या विषम झाली की उरलेल्या बाईंच्या खोलीत व्यवस्थापिका घालतात. कंपनीची एक खोली वाचते, आपली रात्र जाते. कुलू-मनालीच्या आठ दिवसांत माझ्याबरोबर असलेल्या काकू स्वभावाने फार प्रेमळ होत्या. त्या रात्री दोनला उठून चहा करत, मलाही देत आणि दिवसभरात कोण त्यांच्याशी कसे वागले ते सांगत. सकाळी पाचला सर्वांना उठवण्याची जबाबदारी माझी होती. या सहलीनंतर मी कार्यालयात लेखी कळवले, तेव्हा “ताई, पुरुष मॅनेजर तर आचाऱ्याबरोबर झोपतात” असे उत्तर मिळाले.

ज्यांना माणसांची सवय आहे, ज्यांचे निवृत्तिवेतन चालू आहे आणि ज्यांना सलग आठ दिवस स्वतःचे मत बाजूला ठेवता येते, त्यांनी हे काम जरूर करून पाहावे. प्रपंच याच पैशांवर चालवायचा असेल तर करू नये. यंदाच्या हंगामाचा करार गेल्या आठवड्यात झाला. त्यात विम्याचे कलम कंपनीने आपण होऊन घातले होते. चार मुक्कामांहून मोठ्या सहलीत व्यवस्थापिकेला स्वतंत्र खोली मिळेल, ही ओळ मी हाताने लिहिली आणि तिच्याखाली साहेबांची सही घेतली. ओझरच्या एका रात्रीसाठी ते काही केल्या तयार झाले नाहीत.