टेलर विरुद्ध प्रोग्रे: पुन्हा पाहावी अशी लढत, पुन्हा न झालेली लढत

लाइट वेल्टरवेट म्हणजे मुष्टियुद्धातला १४० पौंडांचा, साधारण साडेत्रेसष्ट किलोंचा गट. या गटातील जॉश टेलर आणि रीजिस प्रोग्रे यांची लढत २६ ऑक्टोबर २०१९ रोजी रात्री लंडनच्या ओ-टू अरिनात झाली, तेव्हा आपल्याकडे २७ तारखेची पहाट होती आणि ती पहाट नरकचतुर्दशीची होती. घरात पाणी तापत होते, आई उटण्याची वाटी हातात घेऊन हाका मारत होती आणि मी न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून मोबाइलवर फेरीगणिक येणारा मजकूर वाचत होतो, कारण लढत प्रत्यक्ष पाहण्याची सोय मला सापडली नव्हती. नुसत्या वाचनावर मी ठरवून टाकले की प्रोग्रेवर अन्याय झाला, आणि पुढे कित्येक वर्षे हे मत मी मोठ्या ठामपणे मांडत आलो. अखेर गेल्या महिन्यात एका प्रक्षेपण सेवेचे महिन्याभराचे सदस्यत्व घेतले आणि ती लढत अथपासून इतिपर्यंत तीन वेळा पाहिली. हे परीक्षण त्या चित्रणाचे आहे, आणि थोडेसे ती लढत ज्या स्पर्धेमुळे घडली त्या स्पर्धेचेही आहे.

स्पर्धेचे, म्हणजे वर्ल्ड बॉक्सिंग सुपर सिरीजचे, श्रेय आधी दिले पाहिजे. व्यावसायिक मुष्टियुद्धात दोन चांगले खेळाडू एकाच वजनगटात असले म्हणजे ते एकमेकांशी लढतीलच असे नसते. आयोजक वेगळे, वाहिन्या वेगळ्या, मोबदल्याची वाटणी जमत नाही, आणि चाहत्यांच्या हाती फक्त वाद उरतो. २०११ मध्ये याच गटात टिमथी ब्रॅडली आणि आमिर खान यांची लढत होणार म्हणून आम्ही दिवस मोजत होतो. ती झाली नाही. खानने जुलैत झॅब जुडाला हरवले, ब्रॅडली नोव्हेंबरात होएल कासामायोरशी लढला आणि ‘झाली असती तर’ हा विषय तेवढा आमच्याकडे राहिला. सुपर सिरीजने या दुखण्यावर साधा उपाय काढला होता. आठ खेळाडू, बाद पद्धत, मानांकितांनी पहिल्या फेरीतला प्रतिस्पर्धी स्वतः निवडायचा आणि जिंकत जाणाऱ्याने पुढे जो येईल त्याच्याशी लढायचे. प्रोग्रेने टेरी फ्लॅनगनला आणि किरिल रेलिखला, तर टेलरने रायन मार्टिनला आणि इव्हान बरांचिकला हरवून अंतिम फेरी गाठली. उपाय साधा असला तरी कारभार तसा नव्हता. मोबदल्यावरून कुरबुरी झाल्या, प्रोग्रेने तर अंतिम लढतीपूर्वी बाहेर पडण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावले, आणि आता ही लढतही जाते असे वाटत असताना समेट झाला. ग्राहकाच्या नजरेने सांगायचे तर माल अस्सल होता. दुकानाच्या हिशेबाची वही मात्र कोणी पाहू नये.

लढतीपूर्वीचा ‘कोण जिंकणार’ हा वाद ज्यांनी अनुभवला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. स्कॉटलंडमधील प्रेस्टनपॅन्सचा टेलर १५ लढतींत अपराजित होता आणि त्यांपैकी १२ त्याने वेळेआधी संपवल्या होत्या. न्यू ऑर्लीन्सचा प्रोग्रे २४ लढतींत अपराजित, २० वेळेआधी. कटरिना वादळानंतर घर सुटलेला आणि ह्यूस्टनमध्ये वाढलेला प्रोग्रे हा बहुतेकांचा, आणि माझाही, पसंतीचा खेळाडू होता. टेलरची एक ओळख मात्र आपल्याकडची आहे: २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने लाइटवेट गटात रौप्यपदक मिळवले होते. त्याच स्पर्धेत, एक गट वर, आपल्या मनोज कुमारने सुवर्ण जिंकले, त्यामुळे तेव्हा आमचे सगळे लक्ष तिकडे होते आणि टेलर नावाचा कोणी मुलगा आमच्या ध्यानातही राहिला नाही.

आमच्या इमारतीत राहणारे एक निवृत्त प्रशिक्षक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: दोघेही डावखुरे आहेत हे विसरू नका. उजव्या हाताच्या खेळाडूसमोर डावखुरा उभा राहिला की पुढची पावले एकमेकांना अडतात, ठोसे अनोळखी कोनांतून येतात आणि या गैरसोयीची सवय डावखुऱ्यालाच अधिक असते. समोरही डावखुराच असला तर ही शिदोरी दोघांचीही संपते आणि मग जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, कोणाचा सरस, अंतर कोण राखतो, अंगाला अंग भिडल्यावर कोणाला काम करता येते, एवढेच उरते. सरांचे म्हणणे होते की अंतरावर प्रोग्रे वरचढ ठरेल आणि जवळिकीत टेलर. म्हणून लढत कुठे होते यावर निकाल ठरेल.

चित्रण पाहताना हे अगदी तसेच उलगडत जाते. पहिल्या काही फेऱ्यांत प्रोग्रेची मान आणि कंबर पाहण्यासारखी आहे. तो हात फारसे वर न नेता, नुसता कमरेतून झुकून टेलरचा ठोसा खांद्यावरून जाऊ देतो आणि परत येता येता स्वतःचा डावा सोडतो. मग टेलर एक निर्णय घेतो, जो मजकूर वाचताना मला कळणे शक्यच नव्हते. तो उंचीचा फायदा सोडून देतो. प्रोग्रेपेक्षा उंच असूनही तो कपाळ जवळजवळ त्याच्या खांद्याला लावून उभा राहतो आणि कोपर शरीराजवळ ठेवून बरगड्यांवर आखूड ठोसे मारू लागतो. या अंतरावर प्रोग्रेच्या झुकण्याला जागाच राहत नाही. झुकला की अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, सरळ झाला की हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा. मधल्या फेऱ्यांत हे इतके सातत्याने चालते की प्रोग्रेचे सुंदर बचावाचे काम आहे तिथेच राहते, पण गुण दुसरीकडे जाऊ लागतात. शेवटच्या काही फेऱ्यांत मात्र प्रोग्रे पुन्हा उसळतो, टेलरचा उजवा डोळा सुजत सुजत बंद होतो, आणि बाराव्या फेरीत तो एका डोळ्याने लढतो आहे हे स्पष्ट दिसते. कोणीही खाली पडले नाही, तरी बारा फेऱ्यांत कंटाळवाणी म्हणावी अशी एकही फेरी मला दिसली नाही.

गुणपत्रके ११४-११४, ११५-११३ आणि ११७-११२ अशी होती, म्हणजे एका पंचाची बरोबरी आणि दोघांचा कौल टेलरला, असा बहुमताचा निर्णय. अन्यायाची माझी हाकाटी या तिसऱ्या आकड्यावर उभी होती. आता जरा हिशेब केला. फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला नऊ गुण, अशा बारा फेऱ्या मोजल्या तर दोघांच्या गुणांची बेरीज २२८ होते. ११७ आणि ११२ यांची बेरीज २२९ आहे, म्हणजे त्या पंचाने एक फेरी बरोबरीची धरली आणि टेलरला आठ, प्रोग्रेला तीन दिल्या. आठ-तीन हे मला आजही जास्त वाटते. परंतु तीन वेळा पाहून माझे स्वतःचे उत्तर सात-पाच असे टेलरच्या बाजूने आले, आणि तिसऱ्या खेपेला मी समालोचनाचा आवाज पूर्ण बंद ठेवला होता. आवाज असताना प्रेक्षकांच्या गलक्यामुळे टेलरचा प्रत्येक ठोसा लागलाच असे वाटते; आवाज नसताना त्यांतले काही प्रोग्रेच्या कोपरावर गेलेले दिसतात. तरीही मधल्या फेऱ्या टेलरच्याच राहतात. माझा जुना आरोप मी मागे घेतो.

ज्या सेवेवर हे पाहिले तिच्याविषयी दोन शब्द, नाव न घेता. चित्र स्वच्छ आहे आणि फेरी संपल्यावर कोपऱ्यातले संभाषणही नीट ऐकू येते, जे या लढतीत ऐकण्यासारखे आहे. मात्र शोधखिडकीत प्रोग्रेचे नाव एका अक्षराने चुकले तर काहीच सापडत नाही, मागे-पुढे सरकवण्याची पट्टी बोटाला दाद देत नाही, आणि सर्वांत वाईट म्हणजे चित्रणाच्या मथळ्यातच विजेत्याचे नाव लिहून ठेवले आहे. ज्याला निकाल ठाऊक नाही अशा माणसाची मजा पहिल्याच क्षणी संपते. मदतीसाठी पाठवलेल्या पत्राला तीन दिवसांनी आलेले उत्तर माझ्या तक्रारीचे नव्हते, पैसे परत मागणाऱ्या कोणा दुसऱ्याचे असावे.

आता ज्या प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप केला तो: ही लढत पुन्हा झाली असती तर? प्रोग्रेला ती हवी होती. टेलर २०२० मध्ये दुसऱ्या आयोजकाकडे गेला आणि २२ मे २०२१ रोजी लास व्हेगसमध्ये होसे रामिरेझला तिन्ही पंचांच्या ११४-११२ अशा एकमताने हरवून गटातले चारही प्रमुख किताब एकत्र घेऊन बसला, तेव्हा मागे वळून पाहण्याचे त्याला कारण नव्हते. सर म्हणतात, केव्हाही झाली असती तरी टेलरच जिंकला असता, कारण प्रोग्रेला अंगाशी आलेल्या माणसाला हातांनी दूर ढकलण्याचे तंत्र आलेच नाही. मला हे अर्धेच पटते. २०२० किंवा २०२१ मध्ये टेलरच जिंकला असता. परंतु फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्लासगोत जॅक कॅटरॉलने टेलरला जे हाल करून सोडले, आणि तरी निकाल टेलरच्या बाजूने गेल्यावर जो गदारोळ उठला, ते पाहिलेला माणूस २०२२ च्या अखेरच्या टेलरवर पैसे लावणार नाही. त्याच नोव्हेंबरात प्रोग्रेने होसे झेपेदाला अकराव्या फेरीत गारद करून किताब घेतला होता. त्या महिन्यात दोघे समोरासमोर आले असते तर मी प्रोग्रेच्या बाजूने आहे. पुढे २०२४ मध्ये कॅटरॉलने मे महिन्यात टेलरला आणि ऑक्टोबरात प्रोग्रेला, दोघांनाही हरवले. त्यांतली प्रोग्रेशी झालेली लढत पुन्हा २६ ऑक्टोबरलाच झाली, बरोबर पाच वर्षांनी.

सदस्यत्व घ्यावे की नाही, तर एका महिन्यापुरते अवश्य घ्यावे. दोन्ही उपांत्य लढती आधी पाहाव्यात, विशेषतः ग्लासगोची टेलर-बरांचिक, म्हणजे टेलरची जवळून मारण्याची सवय आधीपासून होती हे कळते. अंतिम लढतीच्या रात्रीच्या बाकी लढतींतली चिसोरा विरुद्ध प्राइस ही हेवीवेट लढत चहा टाकता टाकता पाहिली तरी चालेल. अंतिम लढत पहिल्यांदा आवाजासह पाहा, नंतर आवाज बंद करून, आणि गुण कागदावर मांडा. सरांनी दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने मांडले आहेत आणि त्यांच्याकडे अजून ११४-११४ येत आहेत. नववी फेरी एकदा पुन्हा लावून ठेव, असा निरोप त्यांनी काल नातवाबरोबर पाठवला. सदस्यत्वाचे चार दिवस शिल्लक आहेत.